उसाचा उतारा आणि चहातला चमचा

कराडपासून मिरजेपर्यंत कृष्णाकाठाला साखर मोजण्याची सवय जुनी आहे. ऑक्टोबरात कारखान्याचा चिटबॉय फडात शिरतो, कांडीतला थेंबभर रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर घेतो आणि ब्रिक्सचा आकडा वहीत टिपतो. गाळप सुरू झालं की उताऱ्याचा, म्हणजे उसातून निघालेल्या साखरेच्या टक्केवारीचा, आकडा गावोगाव पोचतो, पारावर त्याची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढीव मिळतात. म्हणजे शंभर टन ऊस घालणाऱ्याला एका दशांशाचा फरक साडेतीन हजार रुपयांच्या घरात पडतो.

त्याच साखरेतली किती आपल्या चहात आणि आपल्या पोरांच्या पोटात जाते, याची वही मात्र कुणी ठेवलेली नाही. उसातल्या साखरेवर आणि आहारातल्या साखरेवर गेल्या शंभर वर्षांत प्रचंड संशोधन झालं. हे दोन्ही अभ्यास सातारा-सांगलीच्या शेतात आणि स्वयंपाकघरात येऊन मिळतात, म्हणून ते एकत्र वाचायला हवेत. तसे वाचले की एक गोष्ट ठळक दिसते. साखर वाईट की गूळ चांगला, मध बरा की काकवी, हा वाद आपण उगाच लांबवतो आहोत. विज्ञानाने तो जवळपास मिटवला आहे. उरलेले प्रश्न आहेत ते मात्रेचे, साखर कोणत्या रूपात पोटात जाते त्याचे, आणि खाणाऱ्याच्या शरीराचे. तिथे आपल्या भागाचं स्वतःचं मोजमाप फार तोकडं आहे.

उसापासून सुरुवात करू, कारण तिथे आपण श्रीमंत आहोत. फलटण तालुक्यातल्या पाडेगावात १९३२ साली ऊस संशोधन केंद्र उभं राहिलं. नीरेच्या कालव्याखालच्या जमिनींचा अभ्यास, खतं-पाण्याचे प्रयोग आणि वाणांची निवड तिथे पिढ्यान् पिढ्या चालली. आज ते महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे. आपण रोज ज्यांना ‘शहाऐंशी’ किंवा ‘दोनशे पासष्ट’ म्हणतो त्या वाणांच्या नावांतला ‘को’ हा कोइमतूरचा. तिथे १९१२ साली सुरू झालेल्या पैदास केंद्रात बार्बर आणि वेंकटरमण यांनी जाड, गोड उसाचा संकर नदीकाठी वाढणाऱ्या रानटी कास जातीच्या गवताशी केला आणि १९१८ मध्ये को २०५ हा वाण दिला. गोडी एका बापाची, काटकपणा दुसऱ्याचा. को ७४० ने महाराष्ट्रात दीर्घकाळ मुक्काम केला, मग १९९६ पासून को ८६०३२ आला. त्याचा एक जनक कोसी ६७१, जो आपल्याकडे ‘वसंत-१’ म्हणून ओळखला गेला.

या संकराची गुंतागुंत किती, ते आत्ता कुठे उलगडतं आहे. २०२४ च्या मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये आर ५७० या रियुनियन बेटावरच्या वाणाचा जनुकपट प्रसिद्ध झाला. माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. लागवडीच्या उसात त्या साधारण बारापर्यंत असतात, तीही दोन वेगळ्या जातींची सरमिसळ. त्यामुळे टनेज वाढवताना गोडी राखणं हे पैदासकाराचं कायमचं दुखणं आहे. फुले २६५ शेतकऱ्याला आवडला तो वजनासाठी आणि चोपण जमिनीतही तग धरतो म्हणून. काही कारखान्यांनी त्याच्या उताऱ्याबद्दल कुरकुर केली. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

ऊस एवढी साखर बनवतो कशी, या प्रश्नाने वनस्पतिशास्त्राला एक मोठा शोध दिला. बहुतेक झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून आधी तीन कार्बनांचा पदार्थ बनवतात. हवाईतल्या ऊस बागाईतदारांच्या संस्थेत कोर्टशाक, हार्ट आणि बर यांना उसाच्या पानात आधी चार कार्बनांची आम्लं सापडली. त्यांचा निबंध १९६५ चा. लगेच पुढच्या वर्षी ब्रिस्बेनमध्ये, एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत, हॅच आणि स्लॅक यांनी त्या मार्गाचा पूर्ण आराखडा मांडला. हाच ‘सी-४’ मार्ग. पानाच्या बाहेरच्या पेशी कार्बन पकडतात आणि शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन कोंडतात, त्यामुळे कडक उन्हातही काम मंदावत नाही. ज्वारी आणि मका याच घराण्यातले. द्राक्ष, गहू, भात आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सी-३ मधली. ही वाटणी लक्षात ठेवा. पुढे मधाच्या बाटलीत ती कामी येणार आहे.

पानात तयार होणारी साखर म्हणजे सुक्रोज: ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान साखरांची जोडी. वनस्पती ही जोडी कशी जुळवते हे अर्जेंटिनाच्या लुइस लेलुआर यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं, आणि साखरेच्या रसायनावरच्या कामासाठी त्यांना १९७० चं नोबेल मिळालं. सुक्रोज पानातून रसवाहिन्यांतून खाली उतरतं. झाड वाढत असेल तर ते मोडून नवी कांडी, नवं पान घडवलं जातं. वाढ थांबली की तेच खोडाच्या पेशींत साठतं. आपल्याकडे आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो आणि शेवटी त्याला कोरड्या हवेचे, थंड रात्रींचे महिने मिळतात. वाढ आखडते, दिवसा ऊन मात्र भरपूर असतं. दक्षिण महाराष्ट्राचा उतारा देशात वरचा राहतो त्यामागे जमीन आणि मेहनत आहेच, पण ही हवाही आहे. उशिरा युरिया टाकला आणि पाणी तोडलं नाही तर ऊस वाढतच राहतो आणि साखर साठायची ती वाढीत खर्ची पडते. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस ट्रॉलीत वाळला की इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडायला लागतं. वजन घटतं आणि उताराही घसरतो.

साखर झाडाचं अन्न आहे हे आपल्याला माहीत होतं. ती झाडाला निरोपही देते, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कळलं. पेशीतलं हेक्सोकायनेज हे विकर साखर मोडण्याबरोबर तिची पातळी ‘ओळखतं’ आणि जनुकांना कळवतं, हे जेन शीन यांच्या गटाने २००३ मध्ये सिद्ध केलं. ट्रेहॅलोज-सहा-फॉस्फेट हा अगदी सूक्ष्म प्रमाणात असणारा साखरेचा रेणू फुलोऱ्याची वेळ ठरवण्यात भाग घेतो, हे २०१३ मध्ये जर्मनीत दिसलं. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो क्वीन्सलंडमधला २०१४ चा वाटाण्यावरचा अभ्यास. शेंडा छाटल्यावर बाजूचे डोळे का फुटतात, याचं उत्तर तोपर्यंत ऑक्झिन या संप्रेरकात शोधलं जात होतं. या अभ्यासात दिसलं की ऑक्झिन घटण्याआधीच मोकळी झालेली साखर डोळ्यापर्यंत पोचते आणि त्याला जागं करते. जेठा कोंब मोडला की फुटवे जोमाने येतात, हे आपल्या शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक आहे. उसातही हेच घडतं का, किती प्रमाणात घडतं, हा पाडेगावसारख्या केंद्रात तपासण्याजोगा प्रश्न आहे.

आता महाबळेश्वर. तिथल्या मधुसंचालनालयाने सातेरी मधमाशीचं पालन डोंगरी गावांत रुजवलं आणि जवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. जांभूळ-हिरड्याच्या फुलांतल्या रसात सुक्रोज असतं. माशी आपल्या विकराने त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते, पंखांनी वारा घालून पाणी आटवते, आणि सुमारे ऐंशी टक्के साखर असलेला मध तयार होतो. उसाच्या पाकाची भेसळ ओळखायची तर इथे सी-४ कामी येतो. कार्बनचे हलके आणि जड असे दोन स्थिर प्रकार आहेत. सी-३ झाडं जड कार्बन टाळतात, सी-४ झाडं तेवढी टाळत नाहीत. जंगलातली फुलझाडं बहुतेक सी-३, ऊस सी-४. त्यामुळे मधात उसाची साखर मिसळली तर कार्बनचं गुणोत्तर सरकतं आणि यंत्र ते पकडतं. पण भात सी-३ आहे. तांदळापासून केलेला पाक या चाचणीतून निसटतो, आणि २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने बाजारातल्या मधाबद्दल नेमकं हेच उघड केलं. मांघरच्या मधपाळाच्या पोटावर पाय देणारी ही भेसळ आहे. तिच्याविरुद्धची प्रयोगशाळा जितकी कडक तितकं चांगलं.

मात्र शुद्ध मधही शरीराला साखरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शिकेत ‘मुक्त साखर’ मोजायला सांगितली, तिच्यात वरून घातलेली साखर, मध, पाक आणि फळांचा रस, सगळं आलं. अख्ख्या फळातली साखर आणि दुधातली साखर तिच्यात नाही. ही मुक्त साखर रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास पाच टक्क्यांच्या, असं ती सांगते. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला याचा अर्थ पन्नास ग्रॅम आणि पंचवीस ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शिकाही पंचवीस ग्रॅमवरच येते.

गुळाचं काय? सांगलीच्या पेठेत, कराडच्या गुऱ्हाळावर हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. काहिलीत रस उकळतो, भेंडीच्या चिकट रसाने मळी वर येते, गुळव्या चटका बघून काहील उतरवतो. साखर कारखान्यात मागे राहणारी खनिजं इथे ढेपेतच राहतात, म्हणून गुळाला चव आहे, वास आहे, रंग आहे. पण चांगल्या गुळात साधारण तीन-चतुर्थांश सुक्रोजच असतं आणि उरलेल्यातही बराच भाग ग्लुकोज-फ्रुक्टोजचा. दहा ग्रॅमच्या खड्यातून लोह मिळतं ते साधारण अर्धा मिलिग्रॅम. बाईची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. रक्तवाढीसाठी गूळ-शेंगदाणे खाणाऱ्या मुलीला शेंगदाण्याचा फायदा नक्की होतो. गुळाकडून तशी अपेक्षा ठेवू नये. मधुमेह झालेल्या माणसाला ‘साखर बंद, गूळ चालेल’ असा सल्ला घराघरांत मिळतो, तो चूक आहे आणि त्याने माणसांचं नुकसान होतं. गूळ खावा तो चवीसाठी, आणि साखरेएवढाच मोजून. त्यातही हायड्रोस पावडरीने पिवळाधमक केलेल्या ढेपेपेक्षा काळपट गूळ घ्यावा.

साखरेने शरीराला काय होतं, या प्रश्नाचा इतिहास भांडणाचा आहे. दातांबद्दल भांडण उरलं नाही. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म इथे १९४५ ते १९५३ दरम्यान मनोरुग्णालयातल्या लोकांवर प्रयोग झाले. जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मधे चघळलेली चिकट टॉफी दात कितीतरी जास्त किडवते, हे त्यातून कळलं. हे ज्ञान असहाय माणसांच्या दातांची किंमत देऊन मिळालं, हे विसरता कामा नये. हृदयरोगाबद्दलचं भांडण मोठं. लंडनचे जॉन युडकिन साखरेला दोष देत होते, अमेरिकेतले अँसल कीज संपृक्त चरबीला. १९६७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी लिहिलेला आढावा चरबीवर बोट ठेवून साखरेला मोकळं सोडणारा होता, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संघटनेने पैसे दिले होते, हे जुन्या कागदपत्रांतून २०१६ मध्ये बाहेर आलं. यावरून चरबी निर्दोष ठरत नाही. पण साखर पिकवणाऱ्या प्रदेशाने ही हकिगत जवळ ठेवावी, कारण उद्या आपल्याकडे साखर आणि आरोग्यावर संशोधन झालं तर त्याचा खर्च कोण करतं, हा पहिला प्रश्न असेल.

आज पुरावा कुठे पोचला आहे? न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१३ च्या सुमारास ‘बीएमजे’मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले. हवं तेवढं खाण्याची मुभा असताना साखर कमी केलेल्यांचं वजन सरासरी पाऊण किलोच्या आसपास उतरलं, वाढवलेल्यांचं तेवढंच वाढलं. पण साखरेऐवजी तितक्याच उष्मांकाचे इतर पिष्ट पदार्थ दिले तेव्हा वजनात फरक पडला नाही. साखर चरबी वाढवते ती मुख्यतः नकळत जास्त खायला लावून, असा याचा अर्थ. पेयांत हे सर्वांत जास्त घडतं, कारण प्यायलेल्या उष्मांकांनी भूक भागत नाही. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात रोज एक गोड पेय पिणाऱ्यांत मधुमेहाचा धोका १८ टक्के जास्त आढळला. लठ्ठपणाचा हिशेब वजा केल्यावरही १३ टक्के उरला. तीनशे मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकमध्ये तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे वर सांगितलेली पंचवीस ग्रॅमची मर्यादा एका बाटलीत ओलांडली जाते. फ्रुक्टोजबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं, तर जास्त मात्रेतलं फ्रुक्टोज यकृतावर पडतं आणि तिथे चरबी बनायला हातभार लावतं.

२०२४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला अभ्यास मला गेल्या दशकातला सर्वांत बोलका वाटतो. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतरही साखरेचं रेशनिंग सप्टेंबर १९५३ पर्यंत चाललं. ते उठताच माणशी रोजची साखर सुमारे चाळीस ग्रॅमवरून दुप्पट झाली. रेशनिंगच्या काळात गर्भात आणि पहिली दोन वर्षं काढलेल्या मुलांची तुलना नंतर जन्मलेल्यांशी केली, तेव्हा उतारवयात पहिल्या गटात मधुमेहाचा धोका ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा २० टक्क्यांनी कमी निघाला. बाळाला सहाव्या महिन्यापासून गोड बिस्किट दुधात कुस्करून भरवणाऱ्या प्रत्येक घरापर्यंत हा निष्कर्ष पोचायला हवा.

याला जोड हवी पुण्याच्या कामाची. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांचं ३.५. बाळं हडकुळी, स्नायू कमी, पण चरबी मात्र फारशी घटलेली नाही. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला: दोघांचा बॉडी मास इंडेक्स तोच, २२.३, शरीरातली चरबी त्या सहकाऱ्याची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाला चाळिशीत मधुमेह का गाठतो, याचं एक उत्तर इथे आहे. ज्या शरीरात स्नायू कमी आणि पोटात चरबी जास्त, त्याला साखरेची तीच मात्रा अधिक भोवते. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेह पाहणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रात ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह होता. २०२३ च्या देशव्यापी निष्कर्षात प्रमाण ११.४ टक्के, म्हणजे १० कोटींवर माणसं.

फळांबद्दल तासगाव-कवठेमहांकाळच्या बागाईतदारांना दिलासा आहे. द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरलं की आम्ल घटतं, पानातून येणारं सुक्रोज मण्यात मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारख्या प्रमाणात भरतात. चारेक किलो द्राक्षांचा किलोभर बेदाणा होतो, म्हणजे बेदाण्यात साठेक टक्के साखर. तरी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दीर्घ पाहण्यांत आठवड्यातून तीन वेळा द्राक्षं-बेदाणे खाणाऱ्यांना मधुमेहाचा धोका १२ टक्के कमी दिसला, आणि फळांचा रस पिणाऱ्यांना वाढलेला. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. फळं खाणारी माणसं इतरही बाबतीत जपून वागत असतील. पण दिशा स्पष्ट आहे: अख्खं फळ चावून खावं. रसवंतीवरचा ऊस मात्र रसाच्याच बाजूला बसतो, त्याला इलाज नाही. कृत्रिम गोडीबद्दल थोडक्यात एवढंच, की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ती वापरू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा सल्ला आहे.

देशात वर्षाला सुमारे २८० लाख टन साखर खपते. एकशे चाळीस कोटींत वाटली तर माणशी वीस किलो, दिवसाला पंचावन्न ग्रॅम. यात मिठाई, बिस्किटं, कोल्ड्रिंक सगळं आलं, आणि सरासरीत सातारा-सांगली दिसत नाही. ऊसतोडीच्या टोळीतला माणूस पहाटेपासून कोयता चालवतो, मोळ्या डोक्यावर वाहतो. राबणारा स्नायू इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवायही रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतो. त्याच्या गोड चहाला आणि दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याच्या गोड चहाला एकच सल्ला देणं मला पटत नाही. ज्या शेतकऱ्याने बैल विकून ट्रॅक्टर घेतला, त्याचा चहा तेवढाच गोड राहिला आणि श्रम निम्म्यावर आले. या बदलाचा परिणाम मोजायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये जिल्हावार रक्तशर्करा तपासली, कोल्ड्रिंक किती वेळा पिता तेही विचारलं. चहातली साखर विचारली नाही.

उसाबाहेरच्या साखरेलाही हाच हिशेब लागू आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकापासून गोड ज्वारीवर काम केलं, ‘मधुरा’ हा वाण आणि त्याच्या ताटाची काकवी तयार केली. कमी पाण्यात येणारी साखर म्हणून माण-खटाव आणि जत-आटपाडीसाठी ते मोलाचं आहे. पण शरीराच्या हिशेबात ती काकवीही मुक्त साखरच.

घरातली साखर मोजण्याची एक सोय मात्र आपल्याकडे तयार आहे. इथले सहकारी कारखाने सभासदांना सवलतीच्या दरात साखर देतात. कोणत्या गावातल्या कोणत्या खात्याने किती किलो उचलली, याच्या नोंदी कार्यालयांत पडून आहेत. सभासदांची संमती घेऊन, नावं झाकून, त्या नोंदींना घरातली माणसं, दुकानातून आणलेली जादा साखर आणि गूळ, आणि उपाशीपोटीची रक्ततपासणी जोडली, तर देशात कुठेही नसलेला अभ्यास वाळवा किंवा कराड तालुक्यात उभा राहू शकतो. त्याचं काम वैद्यकीय महाविद्यालयाने करावं आणि पैसा साखर उद्योगाबाहेरून यावा. सवलतीची साखर घरात आली की ती खाल्ली जाते, की पाहुण्यांना, शहरातल्या मुलांना, बाजारात जाते, हे त्यात आधी तपासावं लागेल. त्याशिवाय पोत्याचं वजन माणसाच्या खात्यावर मांडता येणार नाही.